कुत्र्यांचा ठराव

अंबादासआबांना मी आधी ऐकलं आणि मग पाहिलं. तलवाड्याच्या अलीकडच्या फाट्यावर मी एसटीतून उतरले तेव्हा हातात कपड्यांची पेटी होती, पर्समध्ये नेमणुकीचा कागद होता आणि समोरच्या उघड्या माळावरून भोंग्याचा आवाज येत होता.

"हॅलो, हॅलो. छावणीतल्या समद्या मंडळीला कळवण्यात येतं की बाबुरावाची गाय याली हाय. कालवड झाली हाय. गाय बी खुशाल हाय, कालवड बी खुशाल हाय. ज्याला बगायचं त्यानं रांगेनं बगून घ्यावं."

मला वाटलं, कुणीतरी गंमत करतंय. पण माणसं खरोखरच रांगेनं एका गोठ्याकडे निघाली होती. मी अजून फाट्यावरच उभी होते, तेवढ्यात भोंगा पुन्हा खरखरला.

"आनखी एक. फाट्यावर एक बाई पेटी घिऊन उतरल्यात. त्या आपल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई असाव्यात असा माझा अंदाज हाय. नसल्या तरी कुनीतरी जाऊन पेटी धरा."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरी आटल्या होत्या, पाणी टँकरनं यायचं. आसपासच्या गावांतली जनावरं जगवायला गावच्या दूध सहकारी सोसायटीनं माळावर चाराछावणी घातली होती. सोसायटीचे चेअरमन अंबादासआबा. माझी पहिलीच नेमणूक. अंबाजोगाईत वाढलेली मी, शिक्षण संपवून जनावरांच्या दवाखान्यात रुजू व्हायला आले आणि दवाखान्याची पायरी चढायच्या आधीच छावणीत पोचले.

आबा उंच, काटकुळे. धोतर, वर तीन खिशांचा सदरा आणि चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चालताना ते थोडे पुढे वाकत, जणू पुढून कुणी हाका मारतंय. आणि त्यांचं कुठलंही बोलणं एकाच वाक्यानं सुरू होई : "ऐका, लई मोठी गोष्ट हाय." ती मोठी गोष्ट म्हणजे काहीही असू शके. वाळलेल्या लिंबाला पालवी फुटली. टँकर वेळेवर आला. सोसायटीच्या शिपायाचा मुलगा गणितात पास झाला. पहिला आठवडाभर मी दर वेळी धावत गेले. नंतर लक्षात आलं की त्यांच्या लेखी लहान गोष्ट अशी नव्हतीच.

त्यांची दुसरी सवय ठरावाची. उभा जन्म सोसायटीच्या बैठकांत गेलेला, त्यामुळे घरीदारी ठरावाशिवाय काही व्हायचं नाही. "च्या घ्यावा असा ठराव मांडतो. सूचक मी. अनुमोदन?" समोरच्यानं मान हलवली की "मंजूर" म्हणून ते स्वतःच्या मांडीवर थाप मारत. त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी, उभ्या आयुष्यात एकाही ठरावाला अनुमोदन दिलं नव्हतं. त्या मुकाट्यानं कप पुढं ठेवत आणि मला म्हणत, "आमचा रेडू तांबडं फुटायच्या आदी लागतो, बाई. बटन कुठं हाय ते आजून घावलं न्हाई."

आबा पंचायत समितीला तीनदा उभे राहिले आणि तीनदा पडले. दर वेळी त्यांनी पेढे वाटले. कावून, असं विचारलं तर म्हणत, "मतं वाढली की. पडलो तर काय, वाढत वाढत पडलो."

असा हा माणूस. त्याची एकच हकिकत नीट सांगायची तर कुत्र्याच्या पिलांची सांगावी लागेल.

छावणीच्या एका कोपऱ्यात चंद्राआजी राहायची. तिचा मुलगा आणि सून दिवाळी होताच कोयता घेऊन ऊसतोडीला गेले होते. मागं राहिली आजी, चार शेळ्या आणि काळी नावाची कुत्री. काळीला सगळी पंचक्रोशी ओळखत होती. आदल्या उन्हाळ्यात माळावर लांडगे उतरले, वाडीवरची करडं एकामागून एक गेली, पण आजीच्या शेळ्यांना दात लागला नाही. काळीनं लांडग्याशी झुंज घेतली, एक कान फाटून घेतला, पण शेळी जाऊ दिली नाही. त्यामुळे ती गाभण आहे असं कळल्यावरच लोकांनी पिलं सांगून ठेवली. सून निवडावी तशी बोलणी झाली.

काळी कडबाकुट्टीच्या छपरात व्याली. पाच पिलं. आबांनी भोंग्यावरून बातमी दिली, आणि बारसंही त्यांनीच केलं. त्या साली पावसाची नक्षत्रं एकामागून एक कोरडी गेली होती. आबा म्हणाले, "वरची आली न्हाईत, तर आपन खाली आनू." पिलांची नावं ठेवली मिरग, आडदरा, तरणा, म्हातारा आणि हत्ती. खेड्यात पावसाला ह्याच नावांनी ओळखतात. म्हातारा हे सगळ्यांत लहान, कपाळावर सुरकुत्या असलेलं पिलू. हत्ती नावाप्रमाणे आडवा. पिलं दोन महिन्यांची होत आली तेव्हा ती छावणीभर लोळायची आणि बैलांच्या पायांखालून सुखरूप बाहेर यायची. दिवसभर चाऱ्यासाठी भांडणारी माणसं त्यांच्यासाठी वाट सोडायची.

एका सकाळी मिरग उठला नाही. आजीला वाटलं, उन्हानं मलूल झाला असेल. आबांना कळताच ते वाटीभर दूध घेऊन आले. दुधाच्या चेअरमनचा दुधावर देवापेक्षा जास्त विश्वास. ताप आला, दूध. पाय मुरगळला, दूध. त्यांनी पिलाला मांडीवर घेतलं आणि बोटानं दूध चाटवलं. पिलानं ते ओकून टाकलं. आबांनी परत पाजलं. "पोटात जरा गेलं की हुशारी यील." मी दुसऱ्या टोकाला एका बैलाची नस शोधत होते. मला बोलावणं आलं तोवर पिलाला पातळ, रक्ताचे जुलाब लागले होते आणि त्यांचा तो वास आला, जो एकदा नाकात बसला की पुन्हा ओळखायला तपासणी लागत नाही. मी पोचल्यावर थोड्याच वेळात मिरग गेला.

"काय झालं ह्याला?" आबांनी विचारलं.

"पार्व्हो आहे, आबा. लहान पिलांच्या आतड्याचा रोग. आतडं सोलून निघतं. उलट्या आणि जुलाबानं अंगातलं पाणी जातं आणि पिलू त्यानंच मरतं."

"आन दूध?"

ते माझ्या डोळ्यांत डोळे घालून उभे होते. "दूध नको होतं द्यायला. अशा पोटाला दूध सोसत नाही. पण दूध दिलं नसतं तरी हे वाचलं असतं असं नाही सांगता येत."

आबा तडक छावणीच्या मंडपात गेले आणि त्यांनी भोंगा लावला.

"हॅलो. ऐका. अंबादास बोलतोय. पिलाला पारव्याचा रोग झालाय. त्येला म्या दूध पाजलं. ते चुकलं. कुनीबी आजारी पिलाला दूध पाजू नये. दुधाचा चेअरमन सांगतोय, दूध पाजू नये."

चूक कबूल करायला कुणी भोंगा लावल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, पुढंही पाहिलं नाही. फक्त त्यात एक घोटाळा झाला. 'पार्व्हो'चं आबांनी 'पारवा' केलं होतं. संध्याकाळपर्यंत छावणीतल्या म्हाताऱ्या माणसांनी गोफणी काढल्या आणि चाऱ्याच्या गंजीवरचे पारवे हाकलायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी आबांना पुन्हा भोंग्यावरून सांगावं लागलं, "पारव्याचा काही कसूर न्हाई. रोगाचं नाव तसलं हाय. पाखरांना तरास देऊ नये."

तोवर आडदरा आणि म्हातारा ओकायला लागले होते.

मी आबांना आणि आजीला नीट समजावलं. या रोगाला मारणारं औषध नाही. पिलाचं अंग स्वतः लढतं, आपण फक्त त्याला तेवढे दिवस टिकवायचं. त्याला सलाइन लागतं, ओकारी थांबवायचं इंजेक्शन लागतं, दुसरा रोग वर चढू नये म्हणून अँटिबायोटिक लागतं. दवाखान्यातलं सलाइन छावणीतल्या गाईबैलांनाच पुरत नव्हतं. बीडला खाजगी डॉक्टर होते, पण एका पिलाचा तिथला इलाज म्हणजे आजीच्या एका शेळीची किंमत. आणि बाकीची गावातली, वाडीवरची पिलं वाचवायची तर लस विकत आणावी लागणार. कुत्र्याची ती लस आमच्या दवाखान्याला येतच नव्हती.

आजी ऐकून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बाई. मानसाला दवाखाना परवडंना, कुत्र्याला कुठून आनावा? वाचंल त्ये वाचंल." बोलताना ती म्हाताऱ्याला लुगड्याच्या पदरात गुंडाळत होती.

"ऱ्हाऊ कसं द्यायचं?" आबा म्हणाले. "आजच्या आज बैठक."

बैठक हिरव्या जाळीच्या मंडपात झाली. संचालक मंडळी पोत्यांवर बसली, मी बाजूला. आबांनी ठराव मांडला की छावणीतल्या व गावातल्या कुत्र्यांच्या पिलांचा इलाज सोसायटीच्या जनावर-आरोग्य निधीतून करावा. व्हाईस चेअरमन माणिकराव हे शांत, सरळ गृहस्थ. त्यांनी पोटनियम पाठ म्हटला.

"आबा, निधी दुधाच्या जनावराला हाय. कुत्रं कुठं दूध देतंय?"

"दूध देत न्हाई, दूध राखतंय," आबा म्हणाले. "मागल्या साली लांडगं आलतं तवा तुमच्या वाडग्यातली करडं गेलती का न्हाई?"

"गेलती."

"आन आजीची?"

"न्हाई गेली."

"मग त्या शेळ्यांचं दूध कुनी दिलं? शेळीनं का काळीनं?"

मंडळी हसली. एकजण म्हणाला, "आरं बे, म्हंजी काळीला बी शेअर द्यावा लागंल." आबा लगेच म्हणाले, "द्यावा की. तिनं कान दिलाय भांडवल म्हनून."

पण माणिकराव बधले नाहीत. ते म्हणाले, "आबा, तुमचं मन बरोबर हाय. पर बैलाला चारा पुरंना. उद्या कुनाचा बैल सलाइनबिगर गेला आन निधीतून कुत्र्याला सलाइन लावलं असं निघालं, तर त्या मानसाला काय त्वांड दावायचं?"

त्यात खोटं काही नव्हतं. आबांनाही ते कळत होतं. हात वर करायला सांगितले तेव्हा आबांच्या बाजूनं त्यांचा स्वतःचा आणि अजून एक, एवढेच हात वर आले.

बैठक सुटली आणि पाचच मिनिटांत भोंगा वाजला. "हॅलो. कुत्र्यांचा ठराव नामंजूर झाला हाय. चर्चा लई चांगली झाली. माणिकराव लई मुद्द्याचं बोलले. आता उद्या सकाळी दूध घालायला यताना समद्यांनी चरवीत एक माप जादा आनावं. कावून, ते उद्याच सांगतो."

सकाळी संकलनाच्या टेबलाशेजारी आबा एक रिकामी कॅन घेऊन उभे होते. कॅनवर खडूनं कुत्रं काढलेलं. चार पाय आणि शेपूट होती म्हणून कुत्रं म्हणायचं. प्रत्येकाला ते सांगत होते, "सोसायटीचं दूध सोसायटीत घाला. त्येला हात लावायचा न्हाई. ज्याला कुत्र्याची राखन पायजे त्यानं ह्यात एक माप घालावं. जबरदस्ती न्हाई. पर घातलंत तर तुमी सभासद."

लोक हसले. त्या वर्षी दूध किती निघत होतं ते मी रोज बघत होते, सड ओढून ओढून गाईच्या डोळ्यांत पाणी यायचं. पहिले काही जण नुसते बघून पुढं गेले. मग चंद्राआजी आली. सोसायटी गाई-म्हशीचं दूध घ्यायची, शेळीचं नाही, त्यामुळे त्या रांगेत आजी कधीच उभी राहिली नव्हती. तिनं पितळी तांब्यातलं शेळीचं दूध कॅनमध्ये ओतलं आणि विचारलं, "शेळीचं चालतं का, आबा?"

"ह्या सोसायटीत चालतं," आबा म्हणाले. आणि मग माझ्याकडं वळून, डोळे मोठे करून, "पहिल्या सभासद."

त्यानंतर बाबुराव आला. त्याच्यानंतर ज्यांनी पिलं सांगून ठेवली होती ती मंडळी आली. आणि रांगेच्या शेवटी माणिकरावांची बायको आली. माणिकराव टेबलाशीच बसले होते. त्यांच्यासमोरून जाऊन तिनं भरलेलं माप कॅनमध्ये रिकामं केलं आणि मागं न बघता म्हणाली, "आमची तीन करडं गेलती. पोटनियमानं परत आली न्हाईत."

माणिकराव खाली मान घालून दुधाची फॅट मोजत राहिले. पण मिशीत हसत होते, मी पाहिलं.

कॅनमधलं दूध फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं घेतलं. रोजच्या रोज रोख. त्याच दिवशी आबा एसटीनं गेवराईला गेले आणि औषधाच्या दुकानातून सलाइनचा खोका मांडीवर घेऊन परत आले. येताना त्यांनी सगळ्या एसटीला पार्व्होची लक्षणं सांगितली. ओकारी, रक्ताचे जुलाब, घाण वास, पिलू पाण्याजवळ बसतं पण पीत नाही. इतकी चोख सांगितली की दुसऱ्या दिवशी दोन परगावचे लोक आजारी पिलं टोपलीत घालून छावणीच्या दारात उभे. हा रोग पायांनी, भांड्यांनी, मातीनं पसरतो. मी सगळी आजारी पिलं छावणीबाहेर, फाट्याकडच्या एका पडक्या खोलीत हलवली. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीसाठी ब्लीचिंग पावडर होती, ती सरपंचांकडून मागून आणली. खोलीच्या आणि छावणीच्या दारात पत्र्याच्या परातीत ब्लीचिंगचं पाणी ठेवलं. आत येताना-जाताना पाय त्यात बुडवायचे, असा नियम केला.

नियम माझा, पण पाळायला लावला आबांनी. त्याच आठवड्यात एक मोठे पुढारी छावणी बघायला आले. पांढरे कपडे, पांढरे बूट, मागं तसलीच मंडळी. हार तयार होते. पुढारी गाडीतून उतरून दाराशी आले आणि आबा परातीमागं आडवे उभे राहिले.

"सायेब, आदी पाय."

पुढाऱ्यांना वाटलं, पाय धुवायची काही रीत असेल. "अहो, राहू द्या, कशाला," म्हणत ते संकोचले.

"तुमचा मान न्हाई हो तो," आबा कळवळून म्हणाले. "रोगाचा हाय. बुटासगट बुडवा."

माणिकरावांनी डोळे मिटले. पण पुढारी माणूस रसिक निघाला. त्यानं दोन्ही बूट परातीत बुडवले आणि मागच्यांना म्हणाला, "चला रे, सगळ्यांनी." एकामागून एक पांढरे बूट परातीतून गेले. आबा त्यांच्याबरोबर छावणीभर हिंडले. चाऱ्याचा प्रश्न त्यांनी मांडला, टँकरचा मांडला, आणि निघताना विचारलं, "सायेब, कुत्र्याच्या लशीचं काय करता यील का?" त्या लशीचं तिकडून काही झालं नाही. टँकरची एक खेप मात्र वाढली.

पडक्या खोलीत मात्र रोज झुंज चालू होती. पिलांच्या नसा सापडत नव्हत्या, अंगातलं पाणी इतकं कमी झालेलं. मी मानेमागची कातडी उचलून तिच्याखाली सलाइन सोडायची. बाटली अडकवायला काही नव्हतं. खिळा ठोकला तर भिंतीची माती सुटायची. आबा म्हणाले, "मी हाय की." आणि ते हात वर करून उभे राहिले, झेंडा धरावा तसे. हा हात दुखला की तो हात. दाराला ओली पोती टांगलेली, बाहेर चैताचं ऊन, आणि आबांचं बोलणं अखंड. पिलांशीच बोलायचे. "आडदरा, तुजी मागनी धनगराच्या वाड्यावरनं आलीया. दोनशे मेंढरं. त्येवढी राखायची तर असं झोपून भागतंय का?"

सलाइन सुरू केल्याच्या दुसऱ्या दुपारी हत्ती आणि तरणाही ओकायला लागले. तिसऱ्या दुपारी आडदरानं आजीच्या मांडीवर पाय ताणले. आजीला कळलं, मलाही कळलं. आबा बोलतच होते, मेंढरांचं, वाड्याचं, पावसाळ्यात माळ कसा हिरवा होतो त्याचं.

"आबा," मी म्हणाले, "हात खाली घ्या."

त्यांनी पिलाकडं पाहिलं. बाटली तशीच वर होती. मग हळूच म्हणाले, "बाई, उरल्यालं सलाइन म्हाताऱ्याला लावता यील ना?"

नवी सुई लावून मी ते म्हाताऱ्याला लावलं. आबांनी हात वर धरला. त्या दुपारभर बाटली खाली आली नाही.

म्हातारा हे सगळ्यांत अशक्त पिलू. मी आबांना तसं सांगून ठेवलं होतं. अंग गार, हिरड्या पांढऱ्या. आजी त्याला पदराखाली धरून बसायची आणि मी सांगितल्याप्रमाणे उकळून गार केलेलं साखरमिठाचं पाणी थेंब थेंब ओठाच्या कोपऱ्यातून सोडायची. ओकला की थांबायचं, मग पुन्हा थेंब. एका सकाळी मी गेले तर म्हातारा आजीचं बोट चाटत होता. पाणी सोडायच्या हाताचं बोट नव्हतं ते, दुसऱ्या, कोरड्या हाताचं होतं. तो थेंब मागत होता. मी त्याला भाताची पातळ पेज चाटवली. पोटात राहिली. दुपारी परत दिली. राहिली. हत्ती आणि तरणा तगडे होते. रोगानं त्यांना लोळवलं, पण तेही सावरले.

त्याच्या पुढच्या सकाळी मी दवाखान्यात एका म्हशीचं बघत होते आणि दोन शेतं ओलांडून भोंग्याचा आवाज आला. आवाज इतका थरथरत होता की मला आधी काही बरंवाईट झालं असंच वाटलं.

"हॅलो. हॅलो. ऐका, लई मोठी गोष्ट हाय. म्हाताऱ्याला घट्ट झाली हाय. रक्त न्हाई, पानी न्हाई. चांगली बांधून झाली हाय."

म्हशीचा मालक चमकून माझ्याकडं बघायला लागला. पुढं आठवडाभर छावणीतल्या खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्यांना त्यावरून कुणी चैन पडू दिली नाही. मी म्हैस सोडून अर्धी वाट पळत गेले. फाट्याच्या खोलीपुढं माणसं रांगेनं उभी होती, एकेक परातीत पाय बुडवून खिडकीतून डोकावत होता. दुष्काळात, टँकरची वाट बघायची सोडून माणसं कुत्र्याच्या पिलाचं पोट नीट झालेलं बघायला आली होती. आबा दारात उभे राहून प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगत होते.

आजी म्हणाली, "बाई, आता ह्येला कुनाला देऊ नका. मला ठिवा." आबांनी तिथल्या तिथं ठराव मांडला आणि रांगेनं तो एकमतानं मंजूर केला.

परगावच्या त्या दोन पिलांपैकी एक वाचलं. पुढं महिनाभरानं कॅनच्या पैशांतून लस आली. ती थंड ठेवावी लागते. आबांनी सोसायटीच्या फ्रिजमधल्या, दुधाच्या तपासणीच्या बाटल्या एका कप्प्यात दाटीवाटीनं लावून घेतल्या आणि दुसरा कप्पा लशीला दिला. त्याला माणिकरावांनी हरकत घेतली नाही. पोटनियमात फ्रिजबद्दल काही लिहिलेलं नाही, असं ते म्हणाले. गावातून, वाड्यावरून माणसं पिलं घेऊन आली. कुणी टोपलीत, कुणी सदऱ्याच्या आत, एक धनगर घोंगडीच्या खोळीत तीन. आबा रांग लावत होते, पिलांची नावं विचारत होते, नाव नसेल तर जागच्या जागी ठेवत होते. तीन-चार आठवड्यांनी दुसरी लस टोचायला यायचं, हे त्यांनी इतक्या वेळा बजावलं की त्या दिवशी एकही पिलू चुकलं नाही.

ठराव सोसायटीत पुढंही कधी मंजूर झाला नाही. आबांनी दर वर्षी मांडला आणि दर वर्षी माणिकरावांनी मुद्द्याचं बोलून पाडला. आणि दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर टेबलाशेजारी ती कॅन उभी राहायची. ऊसतोडीची माणसं परत आली तेव्हा आजीच्या मुलानं म्हाताऱ्याला पाहिलं आणि पुढच्या हंगामाला बरोबर नेतो म्हणाला. आजीनं नेऊ दिलं नाही. त्यानं मग हत्ती नेला. उसाच्या फडाच्या कडेला पाचटानं शाकारलेल्या कोपीत लेकरं झोपलेली असतात, तिथं राखणीला म्हणून.

माझी बदली अंबाजोगाईला झाली. निरोपाला आबांनी भोंगा लावला नाही. गयाबाईंनीच नको म्हटलं असावं. त्यांनी मला खण दिला आणि आबा शेजारी नुसते उभे राहिले, चष्मा पुसत.

पुढं कित्येक वर्षांनी, गयाबाई गेल्याचं कानावर येऊनही बराच काळ लोटला होता तेव्हा, मी लेकीला घेऊन एसटीनं बीडला चालले होते. त्या साली पाऊस भरपूर झाला होता. पालीजवळ गाडी थांबली. पुढं रस्ताभर वाहनं उभी. बिंदुसरा धरण भरून सांडव्यावरून पाणी पडत होतं आणि बीडची, गेवराईकडची सगळी माणसं ते बघायला लोटली होती. ड्रायव्हर कावला होता. गाडीतले निम्मे लोक झोपेत होते.

काचेवर टकटक झाली. बाहेर एक म्हातारा माणूस उभा होता, वाकलेला, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, अंगावरचा सदरा तुषारांनी चिंब. चष्म्याच्या दोन्ही काचांवर पाणी. त्यानं काच सरकवायची खूण केली. मी सरकवली.

"बाई, झोपू नका. उतरा," तो म्हणाला. "पानी बगा. लेकराला दावा."

ते आबा होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मोतीबिंदू झाला असावा, नजर माझ्यावरून पलीकडं जात होती. मी "आबा" म्हणून हाक मारली, पण पाण्याचा आवाज मोठा होता, आणि ते पुढच्या खिडकीकडं सरकले होते. तिथंही टकटक केली. मग त्याच्या पुढच्या. मी लेकीचा हात धरून खाली उतरले. तोवर ते आमच्या गाडीला वळसा घालून मागच्या मालट्रकपाशी पोचले होते आणि उघड्या तळव्यानं त्याचा पत्रा बडवत होते. ड्रायव्हरनं दार उघडून खाली डोकावून पाहिलं. आबांनी त्याचा हात धरला, त्याला खाली उतरवलं आणि माणसांच्या गर्दीतून वाट काढत सांडव्याकडं घेऊन गेले.